शितावरून भाताची परीक्षा : अमेरिकन अध्यक्षाची निवडणूक व लोकमताच्या चांचण्या

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें महाराष्ट्रांत पूर्वापार सांगत आले आहेत. स्वयंपाकघरांत हा न्याय सहसा चुकत नाहीं. कारण भांड्यांतील सर्व तांदूळ एकाच पाण्यांत व एकाच आंचेवर शिजत असतात. परंतु भांडें जर एखाद्या खंडाएवढें असेल, त्याच्या एका बाजूस जाळ प्रखर व दुसऱ्या बाजूस मंद असेल, आणि शीत उचलणाराचा हात नेहमीं वरच्या थरालाच लागत असेल, तर ही परीक्षा कितपत खरी ठरावी? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनीं अध्यक्षाची निवडणूक होते, आणि तिच्या आधीं कित्येक महिने नेमका हाच प्रयोग चालू असतो. हजार-दोन हजार माणसांना प्रश्न विचारावयाचे आणि त्यांच्या उत्तरांवरून कोट्यवधि मतदारांच्या मनांत काय आहे तें सांगावयाचें, हा तेथील लोकमत-चांचणीचा व्यवसाय आहे.

ही केवळ करमणुकीची गोष्ट असती, तर तिची चिकित्सा करण्याचें फारसें प्रयोजन नव्हतें. परंतु चांचणीचा आकडा छापला गेला म्हणजे तो स्वतःच प्रचाराचा भाग होऊन बसतो. देणगी देणारा धनिक तो पाहून हात सैल सोडतो किंवा आंखडता घेतो; कार्यकर्त्यांचा हुरूप त्यावर वाढतो किंवा ओसरतो; निकाल तर लागल्यासारखाच आहे, असें वाटून एखादा मतदार घरीं बसतो; आणि वृत्तपत्रें धोरणांची चर्चा बाजूस सारून, घोड्यांच्या शर्यतीचें वर्णन करावें त्याप्रमाणें, कोण पुढें व कोण मागें एवढीच वार्ता देऊं लागतात. लोकशाहींत राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार मतपेटीचा आहे. तिचा कौल आधींच गृहीत धरला गेला, तर ज्यांचा आवाज त्या गणनेंत आलाच नाहीं त्यांच्यावर अन्याय होतो. म्हणून या चांचण्या कशा घेतात, त्या कोठें फसतात आणि त्यांवर विश्वास किती ठेवावा, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. अमेरिकन मतदार अध्यक्षाची निवड सरळ करीत नाहींत. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारानंतर येणाऱ्या मंगळवारीं ते आपापल्या राज्यांतील निर्वाचक निवडतात आणि हे निर्वाचक मागाहून अध्यक्षाला मत देतात. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मिळून राज्याचे जितके सभासद, तितके त्याचे निर्वाचक. १९४८ सालीं त्यांची एकूण संख्या ५३१ होती व विजयासाठीं २६६ लागत. पुढें राजधानीच्या जिल्ह्यालाहि निर्वाचक मिळाले, आणि १९६४ सालापासून ही संख्या ५३८ होऊन बहुमतासाठीं २७० लागूं लागले. मेन व नेब्रास्का हीं दोन राज्यें सोडलीं, तर राज्यांत ज्याला सर्वांत अधिक मतें मिळतील त्याच्या पदरांत तेथील सर्व निर्वाचक पडतात. त्यामुळें सबंध देशांत अधिक मतें मिळवूनहि उमेदवार हरूं शकतो. देशभरच्या मतांचें प्रमाण सांगणारी चांचणी अगदीं बिनचूक असली, तरीहि तिच्यावरून अध्यक्ष कोण होणार हें निश्चित सांगतां येत नाहीं, याचें मूळ या व्यवस्थेंत आहे.

अशा चांचण्यांची हौस अमेरिकेंत जुनी आहे. गवताची काडी वाऱ्यावर सोडून वाऱ्याची दिशा पाहावी, त्याप्रमाणें लोकांचा कल अजमावणाऱ्या या मोजण्यांना तेथें काडीमत म्हणत. १८२४ सालीं हॅरिसबर्ग येथील एका वृत्तपत्रानें असें एक काडीमत छापलें. त्यांत अँड्र्यू जॅक्सन यांस ३३५ व जॉन क्विन्सी अ‍ॅडॅम्स यांस १६९ मतें होतीं. प्रत्यक्ष निवडणुकींतहि जॅक्सन यांना सर्वांहून अधिक मतें मिळालीं. परंतु निर्वाचकांमध्यें कोणालाच बहुमत न मिळाल्यामुळें निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि १८२५ सालीं त्या गृहानें अ‍ॅडॅम्स यांना अध्यक्ष केलें. लोकांचा कल ओळखणें ही एक गोष्ट, आणि निकाल ओळखणें ही दुसरी, हा धडा या शास्त्राच्या जन्मकाळींच मिळाला होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या कामांत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें मोठें नांव कमावलें. तें लक्षावधि लोकांना टपालानें छापील मतपत्रिका पाठवी आणि परत आलेल्या मोजून भाकीत करी. १९२० पासून १९३२ पर्यंतच्या चारहि निवडणुकांत त्याचें भाकीत खरें ठरलें होतें. १९३६ सालीं डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँकलिन रूझवेल्ट पुन्हां उभे होते. त्यांच्या विरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे, कॅन्सस राज्याचे गव्हर्नर आल्फ्रेड लँडन. डायजेस्टनें सुमारे १ कोटि मतपत्रिका पाठविल्या. त्यांपैकीं २३ लाखांहून अधिक परत आल्या. लँडन यांच्या बाजूस १२,९३,६६९ आणि रूझवेल्ट यांच्या बाजूस ९,७२,८९७. लँडन निवडून येणार असें साप्ताहिकानें जाहीर केलें. मतदान झालें तेव्हां लँडन यांना मेन व व्हरमाँट हीं दोनच राज्यें मिळालीं. निर्वाचकांपैकीं ५२३ रूझवेल्ट यांच्याकडे गेले आणि ८ लँडन यांच्याकडे.

हा प्रमाद कसा घडला? डायजेस्टनें पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या याद्यांतून, मोटारगाड्यांच्या नोंदींतून व स्वतःच्या वर्गणीदारांतून. महामंदीचे ते दिवस. ज्याच्या घरीं टेलिफोन आहे, दारांत मोटार आहे, तो मनुष्य बेकार गिरणीकामगारासारखा किंवा कर्जांत बुडालेल्या कुळासारखा विचार करील, असें मानण्यास आधार नव्हता. पूर्वींच्या निवडणुकांत श्रीमंत व गरीब यांच्या मतांतील अंतर तेवढें तीव्र नसल्यामुळें हा दोष झांकून राहिला होता. रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणानें तें अंतर रुंदावतांच तो उघडा पडला. दुसरें कारण तितकेंच महत्त्वाचें होतें. मतपत्रिका मिळालेल्या दर चार जणांतील तीन जणांनीं ती परत पाठविलीच नाहीं, आणि ज्यांनीं पाठविली त्यांत रूझवेल्ट यांच्यावर रुष्ट असलेल्यांचा उत्साह अधिक होता. गप्प राहिलेलीं माणसें बोललेल्यांसारखींच असतात, हें गृहीत या व्यवसायांत सर्वांत धोक्याचें आहे. १९३८ सालीं तें साप्ताहिक बंद पडलें.

त्याच वर्षीं, म्हणजे १९३६ सालीं, एका नव्या पद्धतीचा जयजयकार झाला. आयोवा राज्यांत जन्मलेले जॉर्ज गॅलप यांनीं १९३५ सालीं न्यू जर्सींतील प्रिन्स्टन येथें लोकमताच्या अभ्यासासाठीं संस्था काढली होती. किती लोकांना विचारलें यापेक्षां कोणत्या लोकांना विचारलें याला महत्त्व आहे, हें त्यांच्या पद्धतीचें सार. डायजेस्टच्या मतपत्रिका निघण्यापूर्वींच त्यांनीं थोड्या लोकांची चांचणी करून, ‘डायजेस्ट लँडन यांना शेकडा ५६ मतें देईल आणि तें चूक ठरेल,’ असें छापून टाकलें. दोन्ही गोष्टी जवळजवळ तंतोतंत घडल्या. गॅलप, एल्मो रोपर व आर्चिबाल्ड क्रॉसली या तिघांचीं नांवें पुढील बारा वर्षें अमेरिकेंत ज्योतिष्यांसारखीं घेतलीं जाऊं लागलीं.

या नव्या पद्धतींत प्रत्येक पाहणी-कारकुनास ठराविक वांटणी करून देत : इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक वयाचे इतके, अमुक आर्थिक स्थितीचे इतके. या वांटणीच्या मर्यादेंत माणसें कोणतीं निवडावयाचीं हें कारकुनानें ठरवावयाचें. वरवर पाहतां ही व्यवस्था निर्दोष भासते. परंतु ‘गरीब’ या सदरांत दहा माणसें आणावयाचीं असतां कारकून झोपड्यांच्या गल्लींत खोल न शिरतां, त्यांतल्या त्यांत नीटनेटकीं, बोलकीं व सहज गांठ पडणारीं माणसें निवडतो. शिवाय उद्देश निवडणुकीचें भाकीत करण्याचा असल्यामुळें, दक्षिणेकडील ज्या काळ्या लोकांना मतदानापासून दूर ठेवलें जात होतें, त्यांना नमुन्यांतहि फारसें स्थान नसे. परिणाम असा कीं, या चांचण्यांत रिपब्लिकन पक्षाचें पारडें खऱ्याहून जड दिसे. १९३६, १९४० व १९४४ या तिन्ही सालीं गॅलप यांचा अंदाज त्याच दिशेला चुकला होता. विजेता बरोबर सांगितला गेल्यामुळें त्या चुकीकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं.

तें लक्ष १९४८ सालीं द्यावें लागलें. रूझवेल्ट यांच्या निधनानंतर एप्रिल १९४५ मध्यें अध्यक्षपदीं आलेले हॅरी ट्रूमन आतां स्वतः उमेदवार होते. त्यांच्या पक्षाचीं तीन शकलें झालीं होतीं : डावीकडे हेन्री वॉलेस निराळा पक्ष काढून उभे होते, तर काळ्या लोकांच्या हक्कांसंबंधीं ट्रूमन यांच्या धोरणावर चिडून दक्षिणेकडील मंडळींनीं स्ट्रॉम थर्मंड यांना उभें केलें होतें. समोर रिपब्लिकन पक्षाचे, न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्यूई. रोपर यांनीं तर सप्टेंबरमध्येंच सांगून टाकलें कीं, ड्यूई यांची आघाडी एवढी मोठी आहे कीं पुढें आकडे छापण्यांत अर्थ नाहीं. ऑक्टोबरमध्यें ‘न्यूजवीक’ साप्ताहिकानें राजकारणावर लिहिणाऱ्या ५० नामांकित पत्रकारांना विचारलें; पन्नासच्या पन्नासांनीं ड्यूई यांचें नांव घेतलें.

ट्रूमन आगगाडींत बसून देशभर हिंडूं लागले. लहानसहान स्टेशनांवर गाडी थांबे, शेवटच्या डब्याच्या सज्ज्यांत उभे राहून ते भाषण करीत आणि गाडी पुढें निघे. अशा रीतीनें त्यांनीं सुमारे ३० हजार मैलांचा प्रवास केला. रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसवर ‘कांहींच न करणारी काँग्रेस’ म्हणून त्यांनीं कोरडे ओढले. त्या शरद्‌ऋतूंत मक्याचे भाव उतरले होते, आणि धान्य सांठविण्याची पुरेशी सोय काँग्रेसनें केली नाहीं, हें गाऱ्हाणें शेतकऱ्यांना पटण्यासारखें होतें. उलट ड्यूई यांनीं, जिंकलेला डाव बिघडूं नये म्हणून, कोणाला दुखवणार नाहीं व कोणाला हलवणारहि नाहीं अशीं गुळमुळीत भाषणें केलीं. चांचण्यांच्या आकड्यांनीं उमेदवाराचें वर्तन कसें घडतें, याचें हें ठळक उदाहरण होय.

गॅलप यांच्या अखेरच्या अंदाजांत ड्यूई यांस शेकडा ४९.५ व ट्रूमन यांस ४४.५ मतें होतीं. २ नोव्हेंबर रोजीं मतदान झालें. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ या पत्राचा अंक, छापखान्यांतील संपामुळें, नेहमींपेक्षां लवकर यंत्रावर चढवावा लागे. निकाल पुरते येण्यापूर्वींच त्यानें ‘ड्यूई यांनीं ट्रूमन यांस हरविलें’ असा मथळा मोठ्या अक्षरांत छापून टाकला. दोन दिवसांनीं सेंट लुई स्टेशनावर ट्रूमन यांनीं तोच अंक हंसत हंसत लोकांसमोर उंच धरला. तें छायाचित्र आजहि प्रसिद्ध आहे. ट्रूमन यांना शेकडा सुमारे ४९.५ व ड्यूई यांना ४५ मतें मिळालीं होतीं. निर्वाचकांची विभागणी ट्रूमन ३०३, ड्यूई १८९ व थर्मंड ३९ अशी झाली. ओहायो, विस्कॉन्सिन व आयोवा हीं शेतीचीं राज्यें १९४४ सालीं ड्यूई यांच्याकडे होतीं. तीं तिन्ही ट्रूमन यांच्याकडे वळलीं.

तथापि हा विजय दिसतो तितका प्रचंड नव्हता, हेंहि सांगितलें पाहिजे. ट्रूमन यांनीं ओहायो ७,१०७ मतांनीं, कॅलिफोर्निया १७,८६५ मतांनीं व इलिनॉय ३३,६१२ मतांनीं जिंकलें. या तीन राज्यांचे निर्वाचक मिळून ७८. ते ड्यूई यांच्याकडे गेले असते, तर त्यांचे २६७ होऊन तेच अध्यक्ष झाले असते. म्हणजे पावणेपांच कोटींहून अधिक मतांच्या निवडणुकीचा निकाल साठ हजारांहूनहि कमी मतांच्या अंतरावर टेकलेला होता. एवढ्या बारीक अंतराचें भाकीत कोणतीहि चांचणी करूं शकत नाहीं. परंतु त्या वर्षीं चांचणीवाल्यांनीं अंतर बारीक आहे असें सांगितलें नव्हतें, तर निकाल ठरलेला आहे असें सांगितलें होतें. खरा दोष तेथें होता.

अमेरिकेंतील समाजशास्त्रांच्या संशोधन मंडळानें लगोलग समिति नेमून या फजितीची चौकशी केली. १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत मुख्यत्वें तीन कारणें दाखविलीं आहेत. पहिलें असें कीं, प्रश्न विचारण्याचें काम मतदानाच्या पुष्कळ दिवस आधींच थांबविलें गेलें. प्रचारानें फारसें कोणाचें मन पालटत नाहीं, अशी त्या काळीं समजूत होती. पण अखेरच्या पंधरवड्यांत ज्यांनीं निश्चय केला, त्यांतील बहुसंख्यांनीं ट्रूमन यांना मत दिलें. दुसरें असें कीं, ‘अजून ठरविलें नाहीं’ असें म्हणणाऱ्यांना ठरविलेल्यांच्याच प्रमाणांत वांटून टाकण्यांत आलें. तिसरें म्हणजे ती वांटणीची पद्धति, जींत निवड कारकुनाच्या मर्जीवर सोपविलेली होती. यानंतर माणसें निवडण्याचें काम कारकुनाच्या हातून काढून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोपविण्याकडे या व्यवसायाचा कल झाला, आणि मतदानाच्या अगदीं तोंडावरहि चांचण्या घेण्याची चाल पडली.

दैवावर सोपविलें म्हणजे काय साधतें, हें थोडक्यांत पाहावयास हवें. प्रत्येक मतदाराला निवडलें जाण्याची संधि सारखी असेल, तर सुमारे १,००० माणसांचा नमुना शंभरांत पंचाण्णव वेळां खऱ्या प्रमाणाच्या वर-खालीं ३ टक्क्यांच्या आंत येतो. देशांत मतदार १ कोटि आहेत कीं १५ कोटि, यानें त्यांत फारसा फरक पडत नाहीं. ही चूक निम्मी करावयाची तर नमुना चौपट करावा लागतो. दोन उमेदवारांतील अंतराविषयींची चूक मात्र एका उमेदवाराच्या आकड्यांतील चुकीच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून अशा चांचणींत ‘अमुक दोन टक्क्यांनीं पुढें’ या वार्तेचा खरा अर्थ ‘कोण पुढें तें सांगतां येत नाहीं’ एवढाच असतो. आणि ही सारी मर्यादा केवळ योगायोगानें होणाऱ्या चुकीची आहे. उत्तर न देणारे, चुकीच्या यादींतून निवडलेले किंवा शेवटीं मन बदलणारे यांच्यामुळें होणारी चूक तींत धरलेली नसते. डायजेस्टकडे २३ लाखांहून अधिक उत्तरें होतीं, तरी दोघां प्रमुख उमेदवारांपुरतें पाहिल्यास त्यानें रूझवेल्ट यांना शेकडा ४३ मतें दिलीं. प्रत्यक्षांत त्यांना शेकडा ६२ हून अधिक मिळालीं होतीं.

पुढील काळांत साधनें बदललीं. रोग मात्र नव्या रूपानें परत आला. दारोदार फिरणें जाऊन टेलिफोन आला. प्यू संशोधन केंद्रानें १९९७ सालीं ज्यांना टेलिफोन केले त्यांतील शेकडा ३६ जणांनीं उत्तरें दिलीं. २०१८ सालीं हें प्रमाण शेकडा ६ वर उतरलें. डायजेस्टला उत्तर देणाऱ्यांचें प्रमाण याच्या जवळजवळ चौपट होतें. आतां पुष्कळ चांचण्या संगणकाच्या जाळ्यावरून घेतल्या जातात, आणि कमी पडलेल्या वर्गाच्या उत्तरांना अधिक वजन देऊन तूट भरून काढावी लागते. हें वजन देण्यांत चूक झाली, तर निकालच फिरतो.

२०१६ सालीं तसेंच झालें. देशभरच्या चांचण्यांत हिलरी क्लिंटन पुढें होत्या, आणि त्यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षां २८ लाखांहून अधिक मतें पडलींहि. परंतु विस्कॉन्सिन, मिशिगन व पेन्सिल्व्हानिया हीं तीन राज्यें ट्रम्प यांनीं एकूण ८० हजारांहून कमी मतांच्या आघाडीनें जिंकलीं आणि त्यांबरोबर अध्यक्षपदहि. लोकमत-संशोधकांच्या अमेरिकन संस्थेनें २०१७ सालीं दिलेल्या अहवालांत सांगितलें कीं, देशव्यापी आंकडे बरेच अचूक होते. चुकले ते राज्याराज्यांतले. तेथें अनेकांनीं अखेरच्या आठवड्यांत मत ठरविलें होतें. आणि कॉलेजांत न गेलेल्या मतदारांना पुष्कळ चांचण्यांनीं योग्य तें वजन दिलें नव्हतें. म्हणजे १९३६ सालीं टेलिफोन नसलेला मनुष्य गणनेंतून निसटला, १९४८ सालीं कारकुनाला न भेटलेला निसटला, आणि २०१६ सालीं पदवी नसलेला निसटला.

२०२० सालीं जो बायडन विजयी होतील हें चांचण्यांनीं बरोबर सांगितलें. परंतु त्यांची आघाडी बरीच फुगवून दाखविली. त्याच संस्थेच्या मतें ही चूक चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी होती. विजेता खरा ठरला म्हणून तिची ओरड कमी झाली, एवढेंच. २०२४ सालीं बहुतेक चांचण्यांनीं कमला हॅरिस व ट्रम्प यांची लढत अटीतटीची असल्याचें सांगितलें. ट्रम्प यांना शेकडा ४९.८ व हॅरिस यांना ४८.३ मतें पडलीं. पण चुरशीचीं सातहि राज्यें ट्रम्प यांनीं घेतलीं व निर्वाचकांची विभागणी ३१२ विरुद्ध २२६ अशी झाली. त्याच वर्षीं आयोवा राज्यांत, मतदानाच्या तोंडावर, एका नामांकित चांचणीनें हॅरिस यांना तीन टक्क्यांची आघाडी दिली आणि ती वार्ता जगभर पसरली. ट्रम्प यांनीं तें राज्य सुमारे १३ टक्क्यांच्या फरकानें जिंकलें. एकट्यादुकट्या चांचणीवर भिस्त ठेवण्याचा हा परिणाम.

तेव्हां अशी वार्ता वाचणारानें कांहीं प्रश्न स्वतःशीं विचारावेत. चांचणी कोणीं घेतली व तिचा खर्च कोणीं सोसला? कोणाच्या पक्षानें घेतली असेल, तर ती सोयीची असतांनाच बाहेर येते. ती केव्हां घेतली? महिनाभर जुना आकडा महिनाभरापूर्वींची स्थिति सांगतो. माणसें कशीं निवडलीं, आणि निवडलेल्यांपैकीं किती बोललीं? ‘ठरलें नाहीं’ म्हणणारे किती? त्यांची संख्या दोघांतील अंतरापेक्षां मोठी असेल, तर निकाल त्यांच्या हातीं आहे. आकडा सबंध देशाचा आहे, कीं निर्णायक राज्यांचा? आणि शेवटचें म्हणजे, इतर चांचण्या काय सांगतात? अनेक चांचण्यांची सरासरी एका चांचणीपेक्षां बरी. मात्र सर्वांच्याच हातून एकच वर्ग निसटत असेल, तर सरासरीहि त्याच बाजूस झुकते.

यावरून चांचण्या निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. निवडणुका चार वर्षांनीं येतात. मधल्या काळांत महागाई, युद्ध, रोजगार यांविषयीं सामान्य माणसाला काय वाटतें हें जाणण्याचें दुसरें साधन फारसें नाहीं. तें नसेल, तर जनतेच्या नांवानें बोलण्याचा मक्ता धनिकांकडे, पुढाऱ्यांकडे व संपादकांकडे जातो. गॅलप यांचा मूळ हेतूहि लोकांचें म्हणणें राज्यकर्त्यांच्या कानीं घालण्याचा होता. त्यांच्याच नांवाच्या संस्थेनें १९८४ सालीं त्यांचें निधन झाल्यानंतर तीन दशकांनीं, २०१५ सालीं, येत्या अध्यक्षीय निवडणुकींत कोण पुढें आहे हें मोजण्याचें काम आपण करणार नाहीं असें जाहीर केलें, आणि लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात याच्या अभ्यासाकडे लक्ष वळविलें. यांत एक शहाणपण आहे.

चांचणी मतदाराचें म्हणणें ऐकण्यासाठीं आहे; त्याच्या वतीनें निर्णय देण्यासाठीं नव्हे. १९४८ सालच्या त्या नोव्हेंबरांत पन्नास पत्रकार, तीन चांचणीकार आणि एक मोठें वृत्तपत्र एका बाजूस होतें; दुसऱ्या बाजूस शेतांतून, कारखान्यांतून येऊन रांगेंत उभे राहिलेले मतदार होते. त्यांतील साठ हजारांनीं जरी ‘निकाल तर लागलाच आहे’ असें म्हणून घरीं बसणें पसंत केलें असतें, तरी तें भाकीत खरें ठरण्याचा संभव होता. तीं माणसें घराबाहेर पडलीं, म्हणून तें खोटें ठरलें.